हात ऐकणारा माणूस

संगणकातून वाजणारी गिटार आपल्या कानाला खोटी का वाटते, आणि तीच गिटार क्वचित खरी का वाटू लागते, हा या लेखाचा प्रश्न आहे. चौतीस वर्षे शाळेत गणित आणि विज्ञान शिकवल्यामुळे प्रश्न आधी फळ्यावर लिहायचा आणि मगच उत्तराकडे वळायचे, ही सवय मला लागली आहे. मात्र या प्रश्नाचे उत्तर मला कोणत्याही पुस्तकात सापडले नाही. ते मंगरूळपीरच्या एका माणसाच्या संगतीत, दीड-दोन वर्षांत, तुकड्यातुकड्याने हाती आले.

त्यांना गावात सगळे मिस्त्री म्हणत. मीही तेच म्हणेन. ऐन उमेदीची वीस वर्षे त्यांनी विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी तांब्याच्या नव्या तारेने गुंडाळून दिल्या होत्या. मोटार नुसती चालू करून तिच्या घरघरीवरून कोणते गुंडाळे जळाले हे ते सांगत, असा त्यांचा लौकिक होता. पुढे ते काम सोडून त्यांनी दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सरकी-ढेपेच्या दुकानाच्या माडीवर, एका खोलीत गाणी रेकॉर्ड करण्याचा व्यवसाय मांडला. भिंतींना अंड्यांचे कागदी ट्रे चिकटवलेले, एक संगणक, एक कीबोर्ड, एक माईक. एक भिंत मात्र त्यांनी काळ्या रंगाने रंगवून घेतली होती, शाळेतल्या फळ्यासारखी. तिच्यावर खडूने काढलेले बाण असत: खाली, खाली, वर, मध्ये रिकामी जागा, पुन्हा वर, खाली, वर. मी पहिल्यांदा तेथे गेलो तेव्हा मला वाटले, कोणीतरी बेरजेची नवीन पद्धत शोधली आहे.

निवृत्तीनंतर मी मुलांसाठी पाढे चालीवर बसवत होतो. त्यांना मागे थोडी गिटार असावी, एवढीच माझी मागणी होती.

"गिटार पाहिजे म्हनता, गुर्जी," मिस्त्री म्हणाले. "पन कोनाची?"

"कोणाची म्हणजे? संगणकातली."

"थे मालूम हाय. वाजवनारा कोन हाय त्यातला? बसून वाजवते का उभा राहून? नखानं वाजवते का पत्तीनं?"

पत्ती म्हणजे तारा छेडायची छोटी चकती, हे मला पुढे कळले. मी म्हणालो की मला फक्त बारापर्यंतचे पाढे करायचे आहेत. वाजवणाऱ्याची माहिती आवश्यक नाही.

"मंग टाळ्या वाजवा. पाढ्याले टाळी पुरे."

असे गिऱ्हाईक परतवून लावणारा दुकानदार मी पाहिला नव्हता. परत जाण्याऐवजी मी स्टुलावर बसलो, आणि पुढे आठवड्यातून दोनदा तरी बसत राहिलो.

येथे थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. संगणकातली गिटार ही अगदीच बनावट वस्तू नसते. कोणीतरी कुठेतरी खऱ्या गिटारची एकेक तार, एकेका सुरावर, हळू, मध्यम आणि जोरात वाजवून रेकॉर्ड केलेली असते. आपण कीबोर्डची पट्टी दाबली की त्या साठ्यातला योग्य तुकडा वाजतो. म्हणजे आवाज खरा असतो. खोटे असते ते त्याचे येणे. सहा सुरांच्या पट्ट्या एकदम दाबल्या तर सहाही तारा एकाच क्षणी वाजतात. खऱ्या गिटारवर असे कधीच होत नाही, कारण हात एका बाजूने येतो आणि दुसऱ्या बाजूला जातो.

मिस्त्रींनी मला पहिल्या दिवशी हेच ऐकवले. त्यांनी सहा पट्ट्या एकदम दाबल्या आणि म्हणाले, "हा मुर्दा." मग पडद्यावर त्या सहा सुरांच्या रेघा एकेक करून किंचित पुढे सरकवल्या, जाड तार सर्वांत आधी आणि बारीक तार सर्वांत शेवटी. अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजण्याइतके. पुन्हा वाजवले. "आता याले नाडी हाय. जिता होईन का नाई, पुढं पाहू."

पुढचे पाहणे मात्र संपत नसे. हात खाली येतो तेव्हा सहाही तारांवरून जातो. वर जाताना तो बारीक तीन-चार तारांनाच शिवतो, जाड तारांपर्यंत पोचतच नाही. म्हणून वरच्या फटक्यातून जाड तारा त्यांनी पुसून टाकल्या. मग जोर. प्रत्येक सुराला एक ते एकशे सत्तावीस या दरम्यान जोराचा आकडा देता येतो. आळशी माणूस सगळीकडे शंभर लिहितो. मिस्त्री खालच्या फटक्याला एकशे आठ देत, पुढच्याला चौऱ्याण्णव, वरच्याला एकाहत्तर. आणि पुढच्या ओळीत तेच आकडे पुन्हा कधीच येऊ देत नसत. सुरांचा संच (कॉर्ड) बदलण्याआधी डावी बोटे तारांवरून उठतात, म्हणून बदलाच्या आधीचा शेवटचा फटका ते मोकळ्या तारांवर ठेवत. हे मला खटकले. मी म्हणालो, तो तर चुकीचा सूर झाला.

"चुकीचाच हाय. बोटं उडत जातीन का तिकडं? रस्ता लागते ना, गुर्जी."

सॉफ्टवेअरमध्ये तयार ठेकेही असतात. एक पट्टी दाबून धरली की गिटार आपोआप छान वाजत राहते. ते त्यांनी कधी वापरले नाहीत. एकदा शिरपूरहून आलेल्या एका लग्नवाल्याने विचारले, "मिस्त्री, हे बटन दाबलं तं एका मिनिटात होते, माहा भाचा सांगून राह्यला होता." मिस्त्री म्हणाले, "होते ना. रेडिमेड पँट बी होते. भाच्याचं पोट त्यात बसते का, इचारा."

त्यांच्या स्वतःच्या पँटींबद्दल सांगितले पाहिजे. त्या सगळ्या उजव्या मांडीवर विरलेल्या असत. बसल्या जागी, बोलताना, चहा येईपर्यंत, त्यांचा उजवा हात नखांनी मांडीवर वाजत असे. हात थांबलेला मी पाहिला तो फक्त जेवताना, आणि तेव्हाही खात्रीने सांगता येत नाही. एवढे असून त्यांनी गिटार कधी विकत घेतली नाही. मी कारण विचारले. "घरात गिटार आली का मी गिटार ऐकीन," ते म्हणाले. "मले हात आयकाचा हाय."

हात ऐकण्यासाठी ते कुठेही जात. लग्नातल्या ऑर्केस्ट्राला ते समोर बसत नसत. मांडवाच्या कडेला उभे राहून गिटारवाल्याच्या कोपराचे हेलकावे मोजत. एकदा ते इतक्या मोठ्याने मोजू लागले की गिटारवाल्याचा ठेकाच चुकला. त्याने माईकवरूनच सांगितले, "काका, तुमी जेवून घ्या ना." मिस्त्री जेवायला गेले, पण माडीवर येऊन त्यांनी फळ्यावर तो चुकलेला ठेका उतरवून ठेवला. "खरा मानूस चुकला का कसा सावरते, थे पाहा लागते," हे त्याचे समर्थन.

खालच्या दुकानामागे एक बाई रोज तूर पाखडत असे. मिस्त्रींनी मला एकदा खिडकीशी उभे केले. "पाहा. सूप खाली येते तवा जोर, वर जाते तवा नुसता झोल. आन मधी दोन-दोन खेपा दाने उडवतच नाई. पन हात थांबला का?" हात थांबला नव्हता. मी म्हणालो, हा लंबकासारखा आहे. लंबक टोला देवो न देवो, त्याचे जाणे-येणे चालूच असते. मिस्त्रींना तो शब्द इतका आवडला की त्यांनी तो फळ्यावर लिहून घेतला. बाणांमधल्या रिकाम्या जागांचा अर्थ मला तेव्हा कळला. तेथे हात तारांना न शिवता जात होता, पण जात होता. त्या दिवसापासून गाणे जमले नाही की ते म्हणत, "याचा लंबक बंद पडला."

काम संध्याकाळी संपले तरी गाणे त्याच दिवशी द्यायचे नाही, हा त्यांचा नियम होता. "वार्निश सुकू द्या लागते," ते गिऱ्हाइकाला सांगत, जणू अजूनही मोटारीच्या तारांना वार्निशच लावत आहेत. डाव्या कानाला एक आणि उजव्या कानाला एक अशा दोन गिटारी द्यायच्या असल्या तर ते दुसरी पुन्हा पहिल्यापासून बनवत. पहिलीची नक्कल कधी उतरवत नसत. वेळ वाचेल असे मी सुचवले, तर म्हणाले, "जुळे भाऊ असले तरी एका टायमाले शिंकते का कोनी?"

आता ज्या प्रसंगामुळे मी हे लिहायला बसलो, तो सांगतो.

मार्च महिना होता. एका खाजगी दवाखान्यात रक्त तपासण्याचे काम करणारी विशीतली एक मुलगी जेवणाच्या सुटीत माडीवर आली. तिच्या हातात एक जुनी कॅसेट होती. तिच्या वडिलांची पूर्वी गायन पार्टी होती. हार्मोनियम आणि ढोलकीच्या जोडीला ते गिटार वाजवत, जे आमच्या भागात नवलाचे होते. त्यांनी त्यांच्या वस्तीतल्या पहिल्या विहिरीवर एक गाणे रचले होते. त्याची उरलेली ही एकच प्रत, तीही अर्धी टेपरेकॉर्डरने खाल्लेली. दोन वर्षांपूर्वी वडिलांची डावी बाजू लकव्याने गेली. गिटार गेली, बोलणेही मोजके राहिले. आता पार्टी मुलगी चालवत होती, आणि येत्या चौदा एप्रिलच्या जयंतीला गावात तिला ते गाणे म्हणायचे होते.

"मंग अडचन काय हाय?" मिस्त्रींनी विचारले.

"दोन ठिकानी ट्रॅक केला, काका. बाबानं आयकला आन भिंतीकडं तोंड केलं. म्हने, हे माहं नाई."

"तुले आवडला व्हता?"

"मले चालला असता. पन गानं त्याईचं हाय. थे नाई म्हनले तं मी म्हननार नाई. मंग थे गानं गेलंच समजा. कॅसेट तं अजून दोनदा बी चालनार नाई."

मी गावाचे आणि वडिलांचे नाव विचारले. तो माझा विद्यार्थी निघाला, माझ्या पहिल्याच शाळेतला. मी तिला अभिमानाने सांगितले की तिच्या वडिलांसारखे मोत्याचे अक्षर माझ्या वर्गात पुन्हा कोणाचे झाले नाही. ती म्हणाली, "हाव, अजून बी तसंच हाय. बोलता नाई आलं का लिहून देते."

मिस्त्रींनी कॅसेट एकदाच वाजवली, संगणकात उतरवली आणि जपून ठेवून दिली. त्यानंतर पाच दिवस ते त्या पहिल्या कडव्यात राहिले. सहाव्या दिवशी मी गेलो तेव्हा फळ्यावर बाणांऐवजी प्रश्नचिन्हे होती.

"गुर्जी, हे आयका. समेवरचा फटका. कोन्ती तार आधी वाजली?"

मी तीनदा ऐकले. बारीक तार आधी वाजत होती आणि जाड तार शेवटी.

"आन हा मधला, हलका?"

तेथे जाड तारा वाजत होत्या, आणि फक्त जाडच. म्हणजे आम्ही आजवर शिकलो त्याच्या नेमके उलट. गाणे त्यामुळे झुलल्यासारखे चालत होते. भार जेथे पडायचा तेथे हलके, आणि हलके असायचे तेथे खोलवर काही तरी घुमत असे.

बराच विचार करून मिस्त्रींनी निदान केले: टेप ताणली गेली आहे, आणि ताणलेल्या टेपवर बारीक आवाज आधी येतो. मी विज्ञानाचा शिक्षक असूनही मान डोलावली. टेप ताणली असती तर गाणाऱ्याचा आवाजही बिघडला असता, आणि तो तर स्वच्छ होता, हे मला तेव्हा सुचले नाही. आपल्या नियमाविरुद्ध पुरावा आला की आपण आधी पुराव्याची यंत्रे तपासतो, हे मी मुलांमध्ये अनेकदा पाहिले होते.

याहून मोठी चूक पुढे आहे. कॅसेटच्या वेष्टनावर पार्टीचा फोटो होता. त्यात गिटारचा दांडा भलत्याच बाजूला होता. मिस्त्री म्हणाले, "छापनाऱ्यानं फोटो उलटा लावला. नेहमीचंच हाय." मी तोही पाहिला आणि होकार दिला. त्या फोटोतल्या सगळ्यांच्या सदऱ्यांचे खिसे डाव्याच बाजूला होते. फोटो उलटा असता तर ते उजवीकडे दिसले असते. दोन धडधाकट माणसांनी चष्मे लावून तो फोटो पाहिला, आणि खिसे कोणीच पाहिले नाहीत.

मिस्त्रींनी ती 'बिघडलेली' गिटार सरळ करून घेतली. खालचा फटका जाडाकडून बारीककडे, वरचा फटका हलका, लंबक चालू, मोकळ्या तारा जागच्या जागी. मी त्यांचे इतके चांगले काम ऐकले नव्हते. वार्निश सुकल्यावर मुलगी ते मोबाईलमध्ये घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. मिस्त्री मांडीवर हात न वाजवता तिच्याकडे पाहत होते.

"बाबा म्हनले, चांगलं हाय."

"हं."

"पन म्हनले, हे दुसऱ्या कोनाचं हाय."

 मिस्त्रींच्या चेहऱ्यावर एक विचित्र समाधान दिसले. "दुसऱ्या कोनाचं म्हनले? मशीनचं नाई म्हनले?"

"नाई. दुसऱ्या कोनाचं."

"म्हंजे हात तं हाय," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "पत्ता चुकला."

पण मुलीला त्या समाधानाचा काही उपयोग नव्हता. जयंतीला अठरा दिवस राहिले होते. ती म्हणाली, "काका, नसन होत तं सांगून द्या. मी दुसरं गानं बसवतो पोरीईकून." तिचा आवाज शांत होता; रक्ताचा अहवाल वाचून दाखवावा तसा. मिस्त्री म्हणाले, "डावा हात गेला म्हनते ना? म्हंजे सुरावर बोटं ठेवायचा हात गेला. फटक्याचा हात तं शाबूत हाय. मले थो हात पाहू दे."

रविवारी सकाळच्या बसने आम्ही दोघे त्यांच्या गावी गेलो. मिस्त्रींनी लॅपटॉप उशीच्या अभ्र्यात गुंडाळून मांडीवर घेतला होता. अंगणात, लिंबाच्या सावलीत, माझा विद्यार्थी प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. केस पांढरे झालेले, तोंड एका बाजूला थोडे उतरलेले. मला पाहून तो उठू लागला. मुलीने त्याला खांद्याला धरून बसवले. "गुर्जी," तो म्हणाला, आणि तो शब्द पूर्ण व्हायला वेळ लागला.

मिस्त्री त्याच्यासमोर जमिनीवरच बसले. "भाऊ, गिटार नाई आनली. मांडीवरच वाजवून दाखवा. तुमच्या गान्याचा फटका, उजव्या हातानं."

त्याने उजवा हात मांडीवर ठेवला आणि हलवला. पाटी पुसावी तसा तो हात चालला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मिस्त्रींनी मान वाकडी करून बराच वेळ त्या हाताकडे पाहिले.

"हा हात गिटारचा नाई," ते म्हणाले.

"थो नोहेच, काका," मुलगी मागून म्हणाली. "बाबा डाव्या हातानं वाजवत."

"डाव्या? मंग तारा बी उलट्या लावल्या असतीन."

"कायले लावतीन? गिटार पार्टीची होती, आनखी दोघं वाजवत. बाबा नुसती उलटी धरत."

 मिस्त्रींनी आपला डावा हात हवेत उचलला आणि नसलेल्या गिटारवर खाली आणला. उलट्या धरलेल्या गिटारवर बारीक तार वर येते, जाड तार खाली जाते. हात खाली आला की बारीक तार आधी. हात वर निघाला की आधी जाड तारा, आणि बारीकपर्यंत पोचायच्या आत फटका संपलेला. कॅसेट खरे बोलत होती.

"मले सांगतलं काहून नाई, पोरी?"

"तुमी इचारलं कवा? साऱ्या गावाले मालूम हाय."

मिस्त्री माझ्याकडे वळले. त्यांच्या प्रश्नात आरोप नव्हता, निव्वळ कुतूहल होते. "पन गुर्जी, तुमी तं म्हनले, अक्षर मोत्यावानी. थे उजव्या हाताचं?"

तेव्हा मला आठवले. पहिलीचा वर्ग. हा मुलगा पाटीवर डाव्या हाताने लिहीत असे. त्या काळी आम्ही सगळेच शिक्षक जे करत होतो ते मीही केले. पेन्सिल त्याच्या उजव्या हातात दिली, आणि डावा हात मांडीखाली दाबून बसायला सांगितले. रोज, पहिला तास संपेपर्यंत. वर्षाअखेर त्याचे अक्षर वर्गात सर्वांत सुंदर झाले आणि मी ते तपासणीला आलेल्या साहेबांना दाखवले. हात बदलल्याचे मी विसरलो. अक्षर तेवढे लक्षात राहिले.

हे मी तेथेच, अंगणात, तिघांसमोर सांगितले. सांगणे आवश्यक होते. त्याचा डावा हात त्याच्या मांडीवर निर्जीव पडला होता, आणि त्याच्याकडे पाहणे मला जड गेले.

तो बोलू लागला. शब्द एकेक करून येत होते, त्यामुळे आम्ही सगळे थोडे पुढे झुकलो. "गुर्जी... मांडीखाली बी... थो वाजेच." ओठांची चांगली बाजू हसली. "तुमी... पाढे म्हनवून घेत. मी खाली... ठेका धरो."

 मिस्त्रींना तोवर पुढचे काम सुचले होते. त्यांनी विचारले, "भाऊ, हात नाई तं नाई. तोंडानं सांगता का? कुठं खाली, कुठं वर?" आणि आपला डावा हात आपल्या डाव्या मांडीवर ठेवला. त्यानंतर तासभर तो सांगत होता, "खाली. खाली. वर. जाऊ दे. वर," आणि मिस्त्रींचा अनभ्यस्त हात अडखळत त्याच्या मागे जात होता. "जाऊ दे" म्हणजे रिकामा फटका, हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही. मध्येच तो म्हणाला, "लय जोर," आणि मुलगी हसली. "मिस्त्रीकाका, मोटार नाई हाय थे."

पुढचे दहा दिवस मिस्त्री डाव्या हाताने जगले. चहाचा कप, खडू, संगणकाचा माऊस, सगळे डाव्या हातात. चहा दोनदा कीबोर्डच्या अगदी जवळ सांडला. गाण्यातला प्रत्येक फटका त्यांनी नव्याने लिहिला. एकही तयार तुकडा चालण्यासारखा नव्हता, कारण सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने उलट्या गिटारचा विचार केलेला नव्हता. खालच्या फटक्यात सहाही तारा, बारीकपासून. वरच्यात फक्त जाड तीन. कॅसेटवर दुसऱ्या ओळीत सूर बदलताना हाताला किंचित उशीर झाला होता. तो त्यांनी तसाच ठेवला. मी विचारले, ही तर उघड चूक आहे, काढायची नाही का? ते म्हणाले, "मागच्या खेपी मी एक चूक काढली होती, गुर्जी. आता नाई काढत."

जयंतीच्या तीन दिवस आधी आम्ही पुन्हा त्या अंगणात गेलो. मुलीने दवाखान्यातून अर्ध्या दिवसाची सुटी घेतली होती. मिस्त्रींनी मोठे हेडफोन त्याच्या कानांवर बसवले. ते डोक्याला नीट बसेनात, म्हणून एका बाजूने मुलीने हाताने धरून ठेवले. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हते. आम्ही त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होतो, आणि चेहऱ्याची अर्धी बाजू काहीच सांगत नव्हती.

गाणे संपले. त्याने बोटाने पुन्हा लावायची खूण केली. दुसऱ्यांदा संपले, तेव्हा तो म्हणाला, "दुसऱ्या ओळीले... उशीर झाला."

"थो कॅसेटमधी बी हाय," मिस्त्री म्हणाले. "म्या ठेवला. काढू का?"

"नाई." तो म्हणाला. "तवा बी... होत होता."

मग त्याने मुलीकडे पाहिले आणि एकच शब्द म्हटला: "म्हन."

मिस्त्रींनी हेडफोनची वायर काढून छोटा स्पीकर लावला आणि मुलीने तेथेच, लिंबाखाली उभी राहून, ते गाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटले. मी शेवटच्या कडव्यात त्याच्या डाव्या हाताकडे पाहत होतो. त्याची दोन बोटे हलली असे मला वाटले. परंतु वाटणे हा पुरावा नव्हे, म्हणून मी ते येथे शंकेसहच नोंदवतो. परतीच्या बसमध्ये मिस्त्री म्हणाले की बोटे हलली. मी म्हणालो, मला खात्री नाही. ते म्हणाले, मलाही नाही.

जयंतीला गाणे झाले. दुसऱ्या कडव्यापासून समोर बसलेल्या बायकाही म्हणू लागल्या होत्या.

पुढे मिस्त्रींनी ती खोली सोडली आणि अकोल्याला लेकीकडे राहायला गेले. जाईपर्यंत त्यांना एक नवी सवय लागली होती. माडीवर येणाऱ्या प्रत्येक वादकाला ते आधी विचारत, "लिहता कोन्त्या हातानं, आन गोटा मारता कोन्त्या हातानं?" पुष्कळांना हा प्रश्न वेडेपणाचा वाटे. दोघे मात्र क्षणभर थांबून आपल्या हातांकडे पाहू लागल्याचे मी स्वतः पाहिले आहे.

प्रारंभीच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. नुसता आवाज खरा असल्याने गिटार खरी वाटत नाही, आणि आकडे वेडेवाकडे केल्यानेही वाटत नाही. प्रत्येक फटका एकाच शरीरातून, खाली-वर आपापल्या दिशेने, मधल्या रिकाम्या फेऱ्यांसह आलेला असेल, तरच कान तो मान्य करतो. आणि ते शरीर कोणाचे, हे नियमावरून ठरत नाही. त्या माणसाकडे जाऊन पाहावे लागते.

हे उत्तर मी एका खोलीत, एका माणसाच्या सांगण्यावरून आणि साठी उलटलेल्या कानांनी काढलेले आहे. तेव्हा वाचकांना विनंती की त्यांनी ते तसेच स्वीकारू नये. गिटार असलेले कोणतेही एक गाणे घ्यावे, दोन्ही कानांत ऐकावे, भाराच्या फटक्याला जाड तार आधी वाजते की बारीक, ते कागदावर लिहून काढावे. नंतर वाजवणाऱ्याचा हात प्रत्यक्ष पाहता आला तर पाहावा. आपले निरीक्षण माझ्याहून वेगळे निघाले, तर आपले ठेवावे आणि माझे खोडावे.